निम्मा गाळा आणि मापांची वही

लिहून देणार मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पाट्या रंगवणे, राहणार ज्या गल्लीत जन्मलो त्याच गल्लीत, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या स्वतःच्या पेनाने लिहून ठेवतो. माझी शुद्ध जागेवर आहे. आज सकाळी डॉक्टरांनी मला तारीख विचारली, वार विचारला, दिवंगत पत्नीचं माहेरचं आडनाव विचारलं आणि शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितलं. मी दोनावर पोचल्यावर त्यांनीच पुरे म्हटलं. त्यांचा दाखला सोबत टाचला आहे. टाचणी काढून तिथे दुसरा दाखला लावावा असं कोणाच्या मनात आलं, तर मूळ दाखल्याची प्रत डॉक्टरांच्या कपाटात आहे हे त्याने ध्यानात ठेवावं.

‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’ असं लिहायची पद्धत आहे. ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही. दडपण आहे. ते न जुमानता लिहितो आहे.

माझा सगळा जन्म अक्षरं रंगवण्यात गेला, त्यामुळे अक्षरांशी काय काय लबाडी करता येते ते मला ठाऊक आहे. ‘दिला’ या शब्दाच्या आधी ‘न’ घुसवायला बोटभर जागा पुरते. एका अनुस्वाराने एकाचा हक्क चौघांत वाटला जातो. म्हणून या कागदावर मी मोकळी जागा सोडलेली नाही. ओळ मधेच संपली तिथे शेवटपर्यंत रेघ ओढली आहे. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. कायद्याची वाक्यं एका जुन्या नमुन्यावरून उतरवली आहेत. बाकीची माझी आहेत. ती कोणाला बोचली तर ती बोचण्यासाठीच लिहिली आहेत असं समजावं.

कलम १. यापूर्वी, सहा वर्षांमागे, मी एका वकिलांकडून मृत्युपत्र करून घेतले होते. ते या लेखाने रद्द करीत आहे. ते वकील माझ्या पुतण्याच्या मोटारीतून आले होते आणि त्याच मोटारीतून परत गेले, हे मला पुढे चार महिन्यांनी कळलं. मोटारीत ते काय बोलले ते मला माहीत नाही, पण गप्प बसून गेले असतील असं वाटत नाही.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी आमच्या गल्लीतल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची नेमणूक करीत आहे. बाई ना आमच्यातल्या, ना मागच्या वस्तीतल्या. त्यामुळे दोन्हीकडची माणसं त्यांच्यावर सारखाच संशय घेतात. माझ्या दृष्टीने हीच त्यांची लायकी.

कलम ३. माझे राहते दोन खोल्यांचे घर, त्यातील सामानासह, मी माझ्या सूनबाईला देत आहे. फक्त सूनबाईला. चिरंजीवांना नाही.

चिरंजीव मनाने वाईट नाहीत. पण समोर कागद आला आणि कोणी पेन पुढे केलं, की सही करून मोकळे होतात. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकायची सवय लागली, ती अजून सुटली नाही. पुतण्याने त्यांच्यापुढे आजवर तीन वेळा कागद ठेवले. दोन वेळा सूनबाईने चहाचा कप उलटवून ते कागद भिजवले. पहिल्यांदा मला वाटलं धांदरट आहे. दुसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या वेळी ती बाजारात गेली होती. त्या कागदात काय होतं ते चिरंजीवांना अजून आठवत नाही.

सूनबाई माझ्यावर पाळत ठेवते. मी औषध घेतलं की नाही हे ती पाकिटातल्या गोळ्या मोजून पाहते. मीही तिच्यावर लक्ष ठेवून असतो. सतरा वर्षांत आम्हा दोघांना एकमेकांना फसवायची संधी मिळालेली नाही. यापेक्षा भरवशाचं नातं माझ्या पाहण्यात नाही.

चिरंजीवांनी त्या घरात मरेपर्यंत राहावं. सूनबाईने ठेवलं तर.

कलम ४. आता गाळा. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पाट्या रंगवण्याच्या गाळ्यातील माझा निम्मा अविभक्त हिस्सा, सर्व हक्कांसह, मी माझ्या मयत भागीदाराच्या लेकीला देत आहे. दुसरा निम्मा हिस्सा तिच्याकडे वडिलांकडून आलेलाच आहे. म्हणजे सबंध गाळा तिचा होईल. माझा मुलगा, सून, पुतण्या किंवा आमच्यापैकी कोणीही त्यावर हक्क सांगू नये. तिने तो नाकारला, तर माझा निम्मा हिस्सा गल्लीतल्या शाळेला जावा.

हे वाचून गल्लीत काय बोललं जाईल ते मी आत्ताच ऐकू शकतो. म्हाताऱ्याला फितवलं. पोरीने काहीतरी पाजलं. स्वतःचं रक्त सोडून परक्यांच्या घशात घातलं. म्हणून कारण लिहितो. ते लांबलचक आहे आणि त्यात माझी अब्रू वाढेल असं फारसं काही नाही.

भागीदार आणि मी बाविशीत असताना तो गाळा मिळून घेतला. त्याचा धर्म वेगळा, घरातली बोली वेगळी, लिपी वेगळी. त्याची लिपी उजवीकडून डावीकडे जाते. गल्लीत निम्मे दुकानदार आमच्यातले, निम्मे त्यांच्यातले. सगळ्यांनाच सगळी गिऱ्हाइकं हवी असत, म्हणून पाट्या दोन्ही लिप्यांत लागत. लांब पाटी आली की मी डावीकडून सुरू करायचो, तो उजवीकडून. मधे आमची कोपरं एकमेकांना लागली की समजायचं, पाटी झाली. आमच्या गल्लीने मला सुलट्या आणि त्याला उलट्या असं नाव पाडलं होतं. मागच्या बाजूला त्यांची वस्ती, तिथे तो सुलट्या आणि मी उलट्या होतो. आम्हाला दोघांना याची गंमत वाटायची. चोवीस वर्षं वाटली.

गाळ्यात आम्ही मापांची एक वही ठेवायचो. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, पत्ता, पाटीची लांबी-रुंदी, लिपी, रंग. पाटी जुनी झाली की पुन्हा माप घ्यायला जायला नको, एवढाच तिचा उपयोग. आमच्या गल्लीतलं आणि मागच्या गल्लीतलं एकूण एक दुकान त्या वहीत होतं. गाळ्याला एक कुलूप आणि दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे.

कलम ५. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका सोमवारी ती वही नाहीशी झाली. आम्ही दोघांनी शोधली, रंगाच्या डब्यांमागे पाहिलं, मग कुठेतरी असेल म्हणून सोडून दिलं. त्या आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला दंगल सुरू झाली होती. गुरुवारी सकाळी ती आमच्या गल्लीत आली.

अकरा दुकानं जळाली. सगळी त्यांच्यातली. त्यातल्या चार दुकानांच्या पाट्यांवर मालकाचं नाव नव्हतं, धर्माची काही खूण नव्हती. नुसतं ‘नवे बूट घर’ किंवा ‘प्रकाश छपाई’. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती कोणाची ते कळणं शक्य नव्हतं. तरी जमाव आमच्यातलं मधलं दुकान सोडून नेमका पुढच्या दारावर जात होता. तिघं मेले. बुकबाइंडर, त्याची बहीण आणि छपाईवाला. मी खिडकी लावून घेतली होती. आवाजावरून कोणतं दुकान फुटतंय ते मला कळत होतं. हे मी पोलिसांना सांगितलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी दुसऱ्या बाजूचा जमाव मागच्या गल्लीत शिरला. पाच दुकानं. सगळी आमच्यातली, तीही तशीच वेचून. तिथे दोघं मेले. एक पानपट्टीवाला. दुसरा घड्याळजीचा थोरला भाऊ. तो दुकानाच्या पोटमाळ्यावर लपला होता आणि शिडी जळाल्यावर त्याला उतरता आलं नाही.

आमच्या गाळ्याला झळही लागली नाही. दारावर आम्हा दोघांची नावं होती, तरीही.

दंगलीत गल्ली सोडून गेलेला भागीदार बाराव्या दिवशी परत आला. मी विचार करून ठेवला होता. किल्ल्या दोन. मी वही कोणाला दिली नाही. मग राहिला कोण? आमच्या गल्लीतली दुकानं दाखवायला आमच्या माणसांना वहीची काय गरज, त्यांना सगळं तोंडपाठ असणार, असं मी मनाशी ठरवलं. वही लागली असेल ती मागच्या गल्लीसाठी. तोही विचार करूनच आला होता, आणि त्याचा विचार माझ्यासारखाच होता, फक्त उलटीकडून सुरू झालेला. गाळा शाबूत पाहून तर त्याची खात्रीच पटली.

आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही. मी प्लायवूड आणलं, त्याने खिळे आणले, आणि गाळ्याच्या मधोमध आम्ही भिंत ठोकली. पुढची अकरा वर्षं आम्ही मिळून केलेलं काम तेवढंच.

मी फक्त माझ्या लिपीच्या पाट्या करायचो, तो फक्त त्याच्या. प्लायवूड पातळ होतं. तो खोकला की मला ऐकू यायचं. कोणाशी हळू आवाजात बोलायला लागला की मी ब्रश थांबवून कान द्यायचो. माझ्याकडे कोणी आलं की पलीकडचा ब्रश थांबायचा.

आता जे लिहितो ते चिरंजीवांना इथेच पहिल्यांदा कळेल. भिंत घातल्यावर आठ वर्षांनी माझा थोरला भाऊ वारला. वहिनींनी मला त्याची ट्रंक दिली. म्हणाल्या, “भावजी, तुमच्या उपयोगाचे कपडे असतील तर पाहा.” कपड्यांच्या तळाशी मापांची वही होती. आमच्या गल्लीतल्या अकरा दुकानांपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण. माझा भाऊ डावखुरा. तो बरोबरची खूण उलटी काढायचा. वहीत सगळ्या खुणा उलट्या होत्या.

त्या सोमवारी भाऊ माझ्याकडे शिडी मागायला आला होता. मी जेवत होतो. उठायचा कंटाळा म्हणून मी त्याला गाळ्याची किल्ली दिली. तासाभराने त्याने ती आणून दिली. हे मला कधी आठवलंच नाही असं मी म्हणू शकतो. खरं असं आहे की ते मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं, आणि रोज मी ते बाजूला सारत होतो. सख्ख्या भावावर कोण संशय घेईल? भागीदारावर घेणं सोपं होतं. त्याची लिपीसुद्धा माझ्यासारखी नव्हती.

वही मिळाल्यावर मी ती तीन वर्षं लपवली. आधी कोळशाच्या पिंपात, मग पत्नीच्या शिवणयंत्राच्या खणात. भागीदाराच्या हाती पडली तर तो पोलिसांत जाईल, पुतण्याचं शिक्षण मोडेल, घराण्याला काळिमा लागेल, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. पलीकडून त्याचा खोकला ऐकू यायचा आणि मी म्हणायचो, उद्या.

मग मुख्याध्यापिकाबाई आल्या. दोन्ही गल्ल्यांत मेलेली पाचही माणसं कधीतरी त्या शाळेत शिकली होती. बाईंना शाळेच्या दारात त्यांच्या नावांची एक पाटी हवी होती. आधी त्या माझ्याकडे आल्या, मग पलीकडे गेल्या, मग बाहेर रस्त्यावर उभं राहून दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पाटी एकच. नावं पाच. प्रत्येक नाव दोन्ही लिप्यांत. जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्या शहरातून माणूस आणते.”

दुसऱ्या शहरातला माणूस आमच्या शाळेच्या पाटीला हात लावणार हे दोघांनाही सहन होण्यासारखं नव्हतं. पाटी सात फुटांची. प्लायवूडच्या अलीकडे मावेना, पलीकडे मावेना. शेवटी शाळेच्या अंगणात दोन बाकांवर ठेवली. मी डावीकडे बसलो, तो उजवीकडे. माझ्या माणसांची नावं तो नीट लिहितो की मुद्दाम बिघडवतो, हे मी पाहत होतो. त्याची लिपी मला पुरी वाचता येते, हे त्याला माहीत होतं. तोही माझ्या प्रत्येक अक्षरावर डोळा ठेवून होता. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी बुकबाइंडरच्या बहिणीचं नाव चालू असताना तो म्हणाला, “तुझा र खाली आलाय.”

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मी पाहिलं. र खाली आला होता. मी तो पुसून पुन्हा काढला. मग ब्रश ठेवला, घरी गेलो आणि वही घेऊन आलो.

“माझ्या भावाच्या ट्रंकेत सापडली,” मी म्हणालो.

त्याने हात पुसले, वही घेतली, पानं उलटली. खुणांवरून बोट फिरवलं.

“कधी?”

“तीन वर्षं झाली.”

त्याने वही मिटून बाकावर ठेवली. मग म्हणाला, “त्या सोमवारी मी त्याला पाहिलं होतं. एका खांद्यावर शिडी, दुसऱ्या बगलेत काहीतरी गुंडाळलेलं. ती वही होती हे मला दंगलीनंतर उमगलं. तूच दिलीस असं मी धरून चाललो.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“तू हो म्हणाला असतास तर?”

मग त्यानेच विचारलं, “आणि तू? तू मला का नाही विचारलंस?”

मी खरं ते सांगितलं. “तू नाही म्हणाला असतास, तर माझा विश्वास बसला नसता.”

मग मी त्याला दुसरी गोष्ट विचारली. मागच्या गल्लीतली पाच दुकानं कोणी दाखवली? वही तर माझ्या भावाकडे होती. तुमच्यातल्या लोकांना नेमकी दारं कोणी सांगितली? त्याने ब्रश तेलात बुडवला, कापडाला पुसला, पुन्हा बुडवला. मी परत विचारलं नाही.

ते उत्तर मला कधीच मिळालं नाही. वही पाहून सांगणारा एक माणूस होता, तसे न पाहताही सांगू शकणारे आम्ही दोघंच होतो, आणि सांगणारा मी नव्हतो. किंवा मागच्या गल्लीतलाच कोणी असेल. मला माहीत नाही. हा संशय आजही माझ्यापाशी आहे. तो घेऊनच मी पाटी पुरी केली, प्लायवूड काढलं, आणि पुढची पंधरा वर्षं त्याच्या शेजारी बसलो. त्याचाही माझ्यावरचा राग पुरता गेला नव्हता. तीन वर्षांची गोष्ट तो अधूनमधून काढायचा, चहा ओतता ओतता. मी ऐकून घ्यायचो. लोक समजतात मन साफ झाल्यावर माणसं जवळ येतात. आमचं तसं झालं नाही. आम्ही आधी जवळ बसलो. मन जेवढं व्हायचं तेवढं साफ झालं, उरलेलं तसंच राहिलं, आणि त्याने कामाचं काही अडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. शेवटच्या आठवड्यात मी रोज त्याच्याकडे जायचो. विचारायचं तोंडावर यायचं. विचारलं नाही, हे मी चुकलो की बरं केलं, ते मला ठरवता आलेलं नाही.

कलम ६. त्याच्या लेकीविषयी. बाप गेल्यावर दहाव्या दिवशी ती मोजपट्टी घेऊन गाळ्यात आली आणि उंबऱ्यापासून मापं घेऊ लागली. मी मनात म्हटलं, विकायला काढला. दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सुतार आला आणि माझ्या गुडघ्यांसाठी पायरीला लाकडी कठडा बसवून गेला. मी तिला काही म्हणालो नाही. तिला सगळं कळलं असावं, कारण ती दिवसभर तोंड फिरवून हसत होती. तिचा हात बापापेक्षा सुबक आहे. माझी लिपी ती माझ्याकडून शिकली. माझ्यापेक्षा हळू लिहिते, पण तिचा र खाली येत नाही.

कलम पाचमधली सगळी हकीकत मी तिला गेल्या आठवड्यात सांगितली. मेल्यावर कागदातून कळवणं म्हणजे पाठ फिरवून बोलणं. तिने एवढंच विचारलं, “तीन वर्षं, काका?” आणि उठून गेली. दोन दिवस आली नाही. मला वाटलं संपलं. परवा आली आणि न बोलता कामाला बसली. गाळा घेईन असं अजून म्हटलेलं नाही.

मापांची मूळ वही सध्या बाईंच्या ताब्यात आहे. ती माझ्यामागे शाळेत, त्या पाटीखालच्या कपाटात, काचेआड ठेवावी आणि मागेल त्याला दाखवावी. तिच्या तीन झेरॉक्स तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. ठिकाणं लिहीत नाही.

कलम ७. माझा पुतण्या, ज्याचे हसरे फ्लेक्स चौकात वाऱ्यावर फाटत असतात, त्याला काहीच ठेवलं नाही तर तो म्हणेल की म्हातारा विसरला. म्हणून ठेवतो. वहीच्या एकोणचाळिसाव्या पानाची झेरॉक्स, त्याच्या वडिलांच्या खुणांसह. दंगल झाली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्यात त्याचा काही दोष नाही. दोष आहे तो आजचा. गल्लीच्या तोंडापासून टोकापर्यंत सलग ‘आपल्या माणसांची रांग’ करायची, असं तो घरोघर सांगत फिरतो. आमचा गाळा त्या रांगेत आडवा येतो. तो आडवा येत राहावा अशी तजवीज मी कलम चारमध्ये केली आहे. चिरंजीवांचा सहीला सैल हात आणि पुतण्याचा डाव, दोन्ही मला दिसत होते.

बाळा, तू मला काका म्हणतोस आणि पाया पडतोस, तेव्हा तुझी नजर माझ्या खिशातल्या किल्लीवर असते. एकदा ते पान घेऊन एकटा बस. पुढे काय करायचं ते मी सांगत नाही.

कलम ८. ब्रश, मनगट टेकवायची टेकणकाठी, दोऱ्या, अक्षरांचे पत्र्याचे साचे आणि सोनेरी वर्खाचा डबा भागीदाराच्या लेकीला. वर्ख खरा आहे. गल्लीतले दोन रंगारी तो खोटा असल्याचं सांगत फिरतात. त्यांना डबा उघडून दाखवू नये, जळू द्यावं. बँकेत जे निघेल ते माझ्या दुखण्यात माझं सगळं करणाऱ्या परिचारिकेला. तिने एकदाही खोटं गोड बोलून मला औषध पाजलं नाही.

कलम ९. माझ्या शेवटच्या यात्रेत पुतण्याने पुढे चालू नये आणि भाषण करू नये. चिरंजीवांनी रडावं, पण त्या दिवशी कोणत्याही कागदावर सही करू नये.

वरचा मजकूर काल पुरा झाला; वर ‘आज’ म्हटलं आहे ते कालचं. सह्या होण्याआधी आज जे घडलं ते इथेच जोडतो. पुढे कोणीतरी विचारणारच, की हा दुसरा साक्षीदार आणला कुठून.

एक साक्षीदार डॉक्टर. दुसरा आमच्यातला, जुन्या माणसांपैकी हवा होता, नाहीतर म्हणतील की परक्यांनी उरकलं. मी तिघांना विचारलं. एकाचा चष्मा हरवला. दुसऱ्याचा मुलगा पुतण्याकडे कामाला आहे. तिसरा म्हणाला, “मला भीती वाटते.” त्याचा मला राग आला नाही.

मला न सांगता बाई मागच्या गल्लीत गेल्या आणि दुपारी तीन वाजता घड्याळजीला घेऊन आल्या. भाऊ गेल्यापासून त्याने आमच्या गल्लीत पाऊल टाकलेलं नव्हतं. जळालेलं दुकान त्याने पुन्हा बांधलं, पण दारावर पाटी लावली नाही. अठ्ठावीस वर्षं लोक विचारत विचारत त्याच्याकडे येतात. तो आल्यावर भागीदाराची लेक उठून उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. खिशातून घड्याळं पाहायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला.

डॉक्टर म्हणाले, “साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते.”

“मला आहे,” तो म्हणाला.

पाचवं कलम त्याने दोनदा वाचलं. भिंग काढलं आणि तिला विचारलं, “माझं दुकान कोणी दाखवलं? तुझ्या वडिलांनी?”

मला वाटलं ती रागावेल, किंवा नाही म्हणेल. नाही म्हणणं सोपं होतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी सहा वर्षांची होते. पुढे कळत्या वयात विचारायला भ्याले. आता विचारायला कोणी नाही.”

बाहेर हातगाडी अडकली होती आणि लोक भांडत होते. ते भांडण मिटेपर्यंत त्याने भिंग लावून पाचवं कलम तिसऱ्यांदा वाचलं. मग त्याने पेन मागितलं. मी माझं दिलं.

“तू सही का करतोयस?” मी विचारलं. मला राहवलं नाही.

“तुमच्यासाठी नाही,” तो म्हणाला. “माझा भाऊ कसा मेला ते आजवर कोणी कागदावर लिहिलं नव्हतं. ते लिहिलेलं उद्या कोणी खोटं ठरवू नये म्हणून.”

मग भिंग पुसत तो तिला म्हणाला, “पाट्या तूच रंगवतेस ना? उद्या येऊन माप घे.”

तिने विचारलं, “नाव काय घालायचं?”

“भावाचं. खाली माझं.”

“कोणत्या लिपीत?”

“तुला किती येतात?”

“दोन.”

“मग दोन्ही.” तो उठला आणि दारात थांबला. “पण तू रंगवत असताना मी समोर बसणार. एकेक अक्षर पाहणार.”

“बसा की,” ती म्हणाली. “काका पंधरा वर्षं माझ्या वडिलांसमोर तसेच बसले होते.”

येथवरचे सर्व मी लिहिले, वाचून पाहिले आणि माझ्या मनाप्रमाणे आहे याची खात्री केली. खाली सही करणाऱ्या दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही केली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी. यानंतर ओळ नाही.

ठिकाण : पाट्यांचा गाळा, गल्लीचे तोंड
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२३, गुरुवार, दुपारी साडेचार

लिहून देणार : पाटीवाला (सही)

साक्षीदार १ : गल्लीतले डॉक्टर (सही)
साक्षीदार २ : मागच्या गल्लीतला घड्याळजी (सही, सर्व मजकूर वाचून)